छपरावरचें वीजघर

चिखलदऱ्यास पावसाळ्यांत जाऊन राहणें हें शहाण्या माणसाचें काम नव्हे, असें आमच्या घरांतील मंडळींचें जुनें मत आहे. वैशाखांत अमरावतीच्या उन्हानें जीव नकोसा झाला म्हणजे वर जावें. संध्याकाळीं शक्कर तलावाकांठीं फिरावें, भीमकुंडाच्या कड्यावर उभें राहून भीमानें कीचकास कोठून लोटलें तें मुलांना दाखवावें, आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर घाट उतरून परतवाड्यास यावें, असा चाळीस वर्षांचा रिवाज. २०२५ च्या श्रावणांत मात्र तो मोडला; आणि मोडणारे कोण, तर माझे पंच्याऐशीं वर्षांचे थोरले बंधू. "वीजघर बांधलें आहे तर तें भर पावसांत कसें चालतें हें पाहिल्यावांचून त्याचा ताबा घेत नसतात," असें ते म्हणाले, आणि औषधांची पेटी, दोन स्वेटर व एक रेघांची वही घेऊन मोटारींत जाऊन बसले.

हें वीजघर म्हणजे काय, तें आधीं सांगितलें पाहिजे. १९८४ सालीं मीं चिखलदऱ्यास दोन खोल्यांचें एक पत्र्याचें घर बांधलें. त्याच्या दक्षिण अंगास माझ्या आईनें एक आंबा लावला; तो आतां छपराहून दुप्पट उंच झाला आहे. घरांत वीज आहे, पण ती जंगलांतून तारेवर चालत येते. समुद्रसपाटीपासून अकराशें मीटरांवरचें हें पठार. एखाद्या रात्रीं वारा सुटला, सागाची एक फांदी तारेवर कलंडली, कीं घर काळोखांत. असें झालें म्हणजे रागावण्यांत अर्थ नसतो. ज्या माणसानें पावसांत भिजत, अस्वलाच्या भीतीनें मधून मधून काठी आपटीत ती फांदी शोधावयाची असते, त्याच्या जागीं क्षणभर स्वतःस उभें करून पाहावें. तरीपण अंधार तो अंधारच. तेव्हां घरावर सूर्याची वीज घ्यावी असा विचार निघाला, आणि त्या विचारानें आमच्या घरांत जी खळबळ उडाली तिचीच ही हकीकत आहे.

खळबळीचें कारण आमचे दादा. दादांनीं आपलें सारें आयुष्य कोळशांत घालविलें. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० सालीं स्थापन झालें, आणि दुसऱ्याच वर्षीं, एकविसाव्या वर्षीं, ते विदर्भांतील एका औष्णिक वीजकेंद्रांत नोकरीस लागले. १९६३ मध्यें वडील गेले. मागें आई, मी आणि दोन बहिणी. माझी शाळा, माझें कॉलेज, बहिणींचीं लग्नें, आईचें दुखणें, सारें दादांच्या पगारावर झालें. सुटीला ते घरीं येत तेव्हां त्यांच्या धुतलेल्या शर्टाच्या शिवणींतून बारीक करडी राख निघे. आई ती बोटानें झटकी व कांहीं बोलत नसे. लहानपणीं मला वाटे, वीज म्हणजे दादा जेथें जातात तेथें दळून काढतात अशी कांहींतरी वस्तु आहे.

ही समजूत अगदींच खोटी नव्हती. दादा सांगतात कीं, कोळसा भट्टींत ढेकळासारखा टाकीत नाहींत. आधीं तो पिठासारखा दळतात, मग वाऱ्याच्या झोतानें आंत फुंकतात. त्या आगीनें पाण्याची वाफ होते, वाफ चक्राच्या पात्यांवर आदळते, चक्र मिनिटास तीन हजार फेरे घेतें, आणि त्याच्या दांड्यावर बसविलेल्या जनित्रांत वीज उत्पन्न होते. ह्या सर्व खटाटोपांत शंभर भाग उष्णतेपैकीं जेमतेम पस्तीस भागांची वीज होते. उरलेली उष्णता धुराड्यांतून आणि निवण्याच्या मनोऱ्यांतून आकाशांत जाते. शिवाय आपल्या देशांतल्या कोळशांत शेंकडा पस्तीस-चाळीस भाग निव्वळ राख. "दहा डबे कोळसा आला कीं चार डबे राख कोठें टाकावी हा प्रश्न त्याच्याबरोबरच येतो," असें ते म्हणत. आपल्या घरीं एक युनिट वीज जळते, म्हणजे एक हजार वॉटची शेगडी एक तास चालते, तेवढ्यासाठीं कोठेंतरी सुमारें सातशें ग्रॅम कोळसा जळालेला असतो, आणि जवळजवळ एक किलो कार्बन डायॉक्साइड वायु हवेंत गेलेला असतो. कोळशाहून वायूचें वजन अधिक कसें, अशी शंका माझ्या पत्नीनें काढली होती. कोळशांतल्या कार्बनला हवेंतला प्राणवायु येऊन मिळतो, त्याचें तें वजन.

आतां हा कोळसा तरी काय आहे? पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीं दलदलींत उभीं असलेलीं अरण्यें गाळाखालीं दबलीं, त्यांचा हा काळा अर्क. ज्या थरांत तो सांपडतो त्यांना भूगर्भशास्त्रज्ञांनीं 'गोंडवन' हें नांव दिलें, आणि तें आपल्याच गोंडांच्या मुलुखावरून. पुढें त्या नांवानें दक्षिण गोलार्धांतलें एक संबंध प्राचीन खंड ओळखलें जाऊं लागलें. वर्धा नदीच्या खोऱ्यांत, वणी-घुग्घुस-चंद्रपूरकडे, हे थर आहेत. म्हणजे कोळसाही मुळांत सूर्याचीच वीज, फक्त फार जुन्या सांठवणीची. कोट्यवधि वर्षांच्या सांठवणीचें कोठार दोन-तीनशें वर्षांत रिकामें करावयाचें, आणि त्याच्या धुरानें पृथ्वीचें पांघरूण दाट करून ठेवावयाचें, असा हा व्यवहार आहे. वऱ्हाडांतल्या संत्र्याच्या बागाइतदाराला आंब्या बहाराचा आणि गारपिटीचा हिशेब अलीकडे जमत नाहीं. तें सगळें ह्याच धुराचें फळ असें मी म्हणणार नाहीं, पण ऋतूंचें मान बदलत चाललें आहे, आणि त्याचें मुख्य कारण हीं जमिनींतून उकरलेलीं इंधनें आहेत, ह्याविषयीं शास्त्रज्ञांत आतां दुमत उरलेलें नाहीं.

दादांची नात पुण्यास अभियंता आहे आणि सूर्यशक्तीच्या कामांत आहे. मे महिन्यांत चिखलदऱ्यास सगळीं जमलों असतां जेवणाच्या पानावर तिनें हेंच सारें सांगितलें, आणि तरुण माणसाच्या उत्साहांत शेवटीं म्हणाली, "आजोबा, तुमच्या पिढीनें धूर करून ठेवला, तो आम्हांला निस्तरायचा आहे."

दादा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं ताकाची वाटी तोंडास लावली, पान बाजूला सारलें, आणि आंब्याखालीं जाऊन बसले. मी मागोमाग गेलों. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "खरें आहे तिचें. पण त्या राखेंतूनच तिच्या बापाची फी निघाली, हें तिला कोणीं सांगितलें नाहीं का?"

मला उत्तर सुचलें नाहीं. माझीही फी त्याच राखेंतून निघालेली. आपण ज्या शिडीवरून वर आलों तिला लाथ मारणें जसें कृतघ्नपणाचें, तसें ती कुजली आहे हें दिसत असून मुलांना तिच्यावरच चढा म्हणणें हेंही बरें नव्हे. ही अडचण केवळ आमच्या घराची नाहीं. अकोला जिल्ह्यांत पारसला आज २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगांव पेठेस २७० मेगावॉटचे पांच. ज्या गांवाशेजारीं असें केंद्र असतें तेथें दुकानें, शाळा, भाड्याच्या खोल्या, सगळें त्याच्यावर चालतें. त्याचबरोबर तें केंद्र नदीचें पाणी मागतें, आणि अप्पर वर्धा धरणाचें पाणी शेतीला कीं विजेला, हा वाद आमच्या जिल्ह्यानें चांगला अनुभवला आहे. धुराड्याची उंची सगळ्यांना दिसते. त्याच्या पायाशीं असलेली पाण्याची तहान पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं नातीनें स्वतः होऊन आजोबांस बाहेर काढलें. मोटारीनें मोथा गांवाच्या पठारावर गेलों. तेथें प्रयोगादाखल पवनचक्क्या उभारल्या गेल्या, त्या पाहावयास. दादा खांबाच्या बुडाशीं काठी टेकून वर पाहात राहिले. नात म्हणाली, "आजोबा, ह्याला कोळसा लागत नाहीं, पाणी लागत नाहीं." दादा म्हणाले, "वर त्या डबींत काय आहे?" ती म्हणाली, "जनित्र." "मग तें माझेंच आहे," दादा हंसून म्हणाले, "फक्त ढकलणारा बदलला." आणि घरीं येईपर्यंत तें वाक्य त्यांनीं चारदां म्हटलें.

खरोखर पाहिलें तर महाराष्ट्रांत विजेची मोठी कामें निघालीं तीं पाण्याच्या जोरावर. टाटांनीं लोणावळ्याच्या बाजूचें पावसाचें पाणी अडवून खोपोलीस १९१५ सालीं वीज केली ती मुंबईच्या गिरण्यांसाठीं, आणि गिरण्यांचा धूर कमी झाला. पुढें कोयना आली; तिची आजची क्षमता १९६० मेगावॉट आहे. कोळशाचें राज्य त्यानंतर वाढलें, कारण मागणी वाढली आणि पाणी मोजकें. आतां पुन्हां उलट वारें वाहूं लागलें आहे. २०२५ च्या जूनअखेर देशांतील एकूण स्थापित वीजक्षमतेपैकीं निम्मी जीवाश्म इंधनावांचूनची झाली, असें सरकारनें जाहीर केलें. ही बातमी वाचून आमच्या नातीनें पेढे आणले. दादांनीं पेढा खाल्ला आणि म्हणाले, "क्षमता निम्मी, वीज किती?" प्रश्न बरोबर होता. सूर्य रात्रीं नसतो, वारा आपल्या मर्जीनें वाहतो. म्हणून वर्षभरांत प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक अजून कोळशाचीच आहे. स्वयंपाकघरांत दहा शेगड्या आहेत म्हणून दहा भाज्या शिजतातच असें नाहीं.

मे महिन्यांतच मिस्त्री बोलावला. आईचा आंबा आड येत होता. आपल्या अक्षांशावर तावदानें दक्षिणेकडे तोंड करून, साधारण एकवीस अंशांच्या उतारानें बसवावीं लागतात, आणि नेमका दक्षिणेलाच आंबा. ज्यांना सारे लोक पॅनेल म्हणतात तीं हीं तावदानें एका माळेंत जोडलेलीं असतात. एकावर सांवली पडली कीं साऱ्या माळेचा जोर उतरतो. मिस्त्री म्हणाला, झाड काढा, तीन किलोवॉट बसवून देतों. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत, जी २०२४ सालीं सुरू झाली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतें, त्यामुळें तोही मोह होता. पण दोन खोल्यांच्या आणि वर्षांतून दोन महिने उघडणाऱ्या घराला तीन किलोवॉट कशाला? सूर्याची वीज घेण्यासाठीं झाड पाडावयाचें, हें नातीला तर बिलकुल पटेना. शेवटीं आंब्यापासून दूर, पाण्याच्या टाकीच्या छपरावर, दोन तावदानें बसवावयाचीं ठरलीं. एक किलोवॉटचें काम. अनुदान तीस हजार.

मग मुख्य वाद निघाला. आमची सर्वांची अशी समजूत होती कीं, छपरावर वीजघर झालें म्हणजे गांवाची वीज गेली तरी आपल्या घरांत दिवा लागणार. ही समजूत पुष्कळांची असते, म्हणून मुद्दाम लिहितों. सरकारी तारेला जोडलेलें साधें सौरयंत्र, तार बंद पडली कीं भर उन्हांतही आपोआप बंद होतें. तें तसेंच केलेलें असतें. दिवा हवा असेल तर बॅटरी आणि निराळ्या जातीचें यंत्र लागतें, त्याला पैसे अधिक. मिस्त्रीनें डोळा मिचकावून सांगितलें कीं, ती अडकण काढून टाकतां येते. दोन तारा इकडच्या तिकडे केल्या कीं काम झालें, बॅटरी नको, कांहीं नको.

हें ऐकतांच दादा उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत मीं त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "हात लावूं नका," ते म्हणाले. "तें यंत्र खालीं ठेवा."

त्या दिवशीं त्यांनीं जें सांगितलें तें मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं प्रथमच कळलें. नोकरीच्या आरंभीं त्यांच्या खोलींत एक सोबती राहात असे. पुढें तो तारांच्या कामावर बदलून गेला. एका पावसाळी रात्रीं वाहिनी बंद करून, खात्री करून तो खांबावर चढला. त्याच वेळीं खालच्या वस्तींत कोणा एकानें आपल्या घरचें तेलाचें जनित्र चालू केलें, आणि घरची वीज मुख्य तारेपासून तोडावयास तो विसरला. घरांतले २३० व्होल्ट रोहित्रांतून उलटे चढले म्हणजे वरच्या तारेंत ११,००० होतात. तेवढें एकच वाक्य त्यांनीं सांगितलें. पुढें काय झालें हें सांगितलें नाहीं. त्या सोबत्याची ट्रंक त्याच्या घरीं पोंचवावयास दादाच गेले होते. त्याच्या आईनें ट्रंकेंतला डबा उघडून, मुलानें लाडू खाल्ले कीं नाहीं हें आधीं पाहिलें.

नातीनें मान खालीं घातली होती. मग ती हळूच म्हणाली, "आजोबा, आमच्या पुस्तकांत ह्याला एक लांबलचक नांव आहे. पण असें कोणीं सांगितलें नव्हतें." दादा म्हणाले, "नांव कांहीं असो. तार मेली आहे असें समजून जो माणूस चढतो, त्याला ती मेलेलीच सांपडली पाहिजे." मिस्त्री बिचारा ओशाळला. बॅटरीचे पैसे मोजावयाचें ठरलें, आणि मीं ते तक्रार न करतां मोजले, हें कंजूष म्हणून माझी ख्याति असल्यामुळें येथें नमूद करतों.

बॅटरीचा विषय निघाला तेव्हां आमच्या घराची देखरेख करणारे कोरकू गृहस्थ पायरीवर बसले होते. मेळघाटांतल्या कित्येक पाड्यांत तार फार उशिरां पोंचली. व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलांतून खांब नेणें सोपें नव्हे. त्यामुळें शहरांतल्या लोकांना आज जी नवी वाटते ती सूर्याची वीज अशा पाड्यांनीं तारेच्या आधीं पाहिलेली. त्यांनीं दादांस विचारलें, "बाबूजी, बॅटरी किती बरस टिकते? आमच्या गांवचे दिवे चांगले होते. बॅटरी मेली, मग कोणी आलें नाहीं. काच अजून तशीच आहे छपरावर." दादांनीं नातीकडे पाहिलें. तिनें आपल्या वहींत कांहीं टिपून घेतलें. आणि दुसऱ्या दिवशीं ती त्यांच्याबरोबर त्या पाड्यावर जाऊन, कोणते दिवे कशामुळें बंद आहेत त्याची यादी करून आली. बाराजणांच्या घरीं फक्त बॅटरी बदलावी लागणार होती. सात तिनें पुण्याहून पाठविल्या. पांच अजून व्हावयाच्या आहेत.

सांठवण हाच साऱ्या गोष्टीचा गाभा आहे. मोठ्या प्रमाणावर ती पाण्यानेंही करतां येते. सह्याद्रींत घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचें असें केंद्र आहे: विजेला मागणी नसते तेव्हां खालच्या तलावांतलें पाणी पंपानें वर चढवावयाचें, आणि संध्याकाळीं घरोघर दिवे लागले म्हणजे तेंच पाणी खालीं सोडून वीज करावयाची. चढवतांना खर्ची पडते तितकी वीज परत मिळत नाहीं, थोडी कमीच मिळते. पण दुपारचें ऊन रात्रीं वापरावयास मिळतें. दादांस हें फार आवडलें. "म्हणजे दूध विरजून ठेवण्यासारखें," माझी पत्नी म्हणाली.

तर असे आम्हीं श्रावणांत वर गेलों. घाटांतच धुकें लागलें. तीन दिवस आंब्याचा बुंधा दिसला पण शेंडा दिसला नाहीं. मे महिन्यांत दिवसाला साडेचार युनिट देणारीं तावदानें पहिल्या दिवशीं एक युनिट देऊन गप्प बसलीं. मी मनांत खट्टू झालों. दादा मात्र प्रसन्न होते. केंद्रांत ते तासातासाला आंकडे लिहीत, तसे त्यांनीं येथें रेघांच्या वहींत रकाने पाडले: वेळ, धुकें, यंत्रावरचा आंकडा, बॅटरी, शेरा. सकाळीं सहापासून संध्याकाळीं सहापर्यंत दर तासाला स्वेटरवर छत्री धरून टाकीपर्यंत जावयाचें. पडतील ह्या भीतीनें मी पाठोपाठ. दुसऱ्या रात्रीं वारा सुटला, जंगलांत कोठें फांदी पडली, आणि सगळें चिखलदरें काळोखांत गेलें. आमच्या ओसरीवरचा एक दिवा क्षणभर मिटून पुन्हां लागला. दादांनीं घड्याळ पाहून वहींत वेळ लिहिली. मग म्हणाले, "आतां तो निघाला असेल, काठी घेऊन." आणि ओसरीवरचा दिवा त्यांनीं रात्रभर मालवूं दिला नाहीं, रस्त्यावरून दिसावा म्हणून.

पहाटे केव्हांतरी गांवची वीज आली. नातीला पाठवावयास मीं वहीच्या त्या पानाचा फोटो काढला. शेवटच्या ओळींत दादांच्या वळणदार अक्षरांत असें आहे: सकाळीं ७. धुकें दाट. निर्मिति शून्य. बॅटरी शेंकडा एकतीस. तार चालू. माणूस सुखरूप परतला, चहा दिला.